तळघरातली बोर्दो आणि महूची झडती

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण ती केस काही डोक्यातून उतरत नाही. खुनाच्या कितीतरी केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, ही मात्र पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत आठवते. यात कोणाला साधं खरचटलंही नव्हतं. फक्त एका साठीच्या माणसाचं आयुष्यभर जपलेलं नाव पणाला लागलं होतं, आणि ते राहणार की जाणार हे ठरवायचं काम माझ्या टेबलावर येऊन पडलं होतं. नावं कोणाचीच देत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

मी तेव्हा इंदूरच्या एका ठाण्याचा टीआय, म्हणजे ठाण्याचा प्रमुख होतो. डिसेंबरातली सकाळ होती. मी रात्रीचा रोजनामचा बघत होतो, आमचे हेडसाब, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, पोह्यांची पुडी सोडत होते, तेवढ्यात एक कारखानदार तरातरा आत आले. सांवेर रोडवर पंपांचा कारखाना, घराणं जुनं मराठी, पणजोबांपासून संस्थानच्या नोकरीतलं. त्यांना आपण मालक म्हणू.

"टीआयसाहेब, माझ्या घरात चोरी झाली आहे. आणि चोर कोण ते मला माहीत आहे."

असं म्हणत येणाऱ्या फिर्यादीवर मी आधी डोळा ठेवतो. स्वभावच तसा आहे. माझी बायको म्हणते, तुम्ही दूधवाल्याला 'आज उशीर का' असं विचारता तेव्हाही तो घाबरून खरं बोलायला लागतो.

"काय गेलं?" मी विचारलं.

"बाटल्या जागेवर आहेत. आतली वाइन गेली."

हेडसाबांचा शेव टाकणारा हात तिथेच थांबला.

प्रकार असा होता. मालकांच्या बंगल्याखाली थंड तळघर होतं. त्यात फ्रान्सच्या बोर्दो भागातली लाल वाइन वर्षानुवर्षं जमवून ठेवलेली, सगळे परवाने वगैरे व्यवस्थित. एकेक बाटली एवढी महाग की एकीत एक स्कूटर आली असती. आदल्या आठवड्यात मुंबईहून एक पाहुणा जेवायला आला होता. वाइन कळणारा माणूस. मालकांनी त्याच्यासाठी सगळ्यांत जुनी बाटली उघडायला लावली. पाहुण्याने ग्लास हुंगला, एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि मग जेवण संपेपर्यंत पाणीच प्यायला.

"म्हणाला, ही ती नव्हेच. पूर्ण टेबलासमोर माझी इज्जत गेली हो!" मालकांचा आवाज खरोखर कापत होता. "किल्ल्या दोनच. एक माझ्या कपाटात, दुसरी त्या तळघर बघणाऱ्याकडे. त्यानेच असली माल काढून नकली भरला. आणि सांगू? मी ती बाटली मागितली तेव्हा तो मला अडवत होता. म्हणे, साहेब, ही अजून दोन वर्षं राहू द्या, मी नव्या आलेल्यांतली काढतो. का अडवत होता, ते आता कळलं!"

खरं सांगतो, या शेवटच्या वाक्याने मी फिरलो. किल्ली सगळ्यांकडे असू शकते. पण नेमकी तीच बाटली उघडू नका, असं म्हणणाऱ्या माणसाला काहीतरी माहीत असतं. ते 'काहीतरी' म्हणजे चोरीच, असं मी धरून चाललो. इथेच माझी पहिली चूक झाली.

दुपारी आम्ही बंगल्यावर गेलो. मी स्वतः थेंबाला शिवत नाही. पण बनावट दारूचे कारखाने मी नोकरीत पुष्कळ उखडले होते. झाकण कसं ठोकतात, लेबल कसं चिकटवतात, सुई घालून बाटली कशी रिकामी करतात, हे सगळं पाठ होतं. त्यामुळे मी जरा ताठ्यातच तळघराच्या पायऱ्या उतरलो.

खाली तो माणूस उभा होता. पांढराशुभ्र शर्ट, चकचकीत बूट, पाठ सरळ. इंदूरजवळच्या महू छावणीत राहणारा. आजोबा फौजेत, वडील फौजेत, आणि हे स्वतः फौजेतल्याच एका मेसमध्ये बार सांभाळून निवृत्त झालेले. बंगल्यात सगळे त्यांना काका म्हणत, मीही इथे तेच म्हणतो.

तळघरात तेरा डिग्री तापमान होतं आणि बाटल्या लाकडी फळ्यांवर ओळीने निजलेल्या होत्या.

"आडव्या का ठेवल्यात?"

"बूच ओलं राहिलं पाहिजे साहेब. उभी ठेवली की बूच सुकतं, हवा आत शिरते, मग माल गेलाच समजा."

"आणि एवढा अंधार?"

"हिला उजेड नाही चालत. हादरा नाही चालत. आणि गर्मी तर..." काका तिथेच थांबले.

बोलता बोलता माणूस कुठे थांबतो ते मी नेहमी टिपून ठेवतो. तेव्हाही टिपलं. पण लावलेला अर्थ साफ चुकीचा होता. मला वाटलं, घाबरला.

नमुन्यासाठी त्याच जुन्या फळीवरची एक बाटली उघडायची होती. काका म्हणाले, "आज नको साहेब. उद्यापर्यंत उभी ठेवू. गाळ खाली बसला की नीट काढता येते."

मला वाटलं, हा वेळ मारून नेतोय. म्हटलं, "आत्ता. माझ्या समोर."

त्यांनी एक शब्दही न बोलता बाटली उचलली, जराही न हलवता. बूच काढलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, आणि बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरून काचेच्या सुरईत अगदी संथ धार सोडली. तळाशी काळसर गाळ दिसायला लागला तसा हात थांबवला. हेडसाब माझ्या कानाशी पुटपुटले, "सर, मिलावट!" काकांना ते ऐकू गेलं.

"जुन्या लाल वाइनला गाळ येतोच," ते म्हणाले. "नसता आला तर मीच तुम्हाला फोन केला असता."

"बरं, ही चांगली असली तर लागते कशी?"

त्या प्रश्नाने माणूस एकदम खुलला. "आधी रंग पाहायचा साहेब. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरायचा. मधे गडद, कडेला विटेसारखा आला म्हणजे वय झालं. मग ग्लास फिरवून वास. शिसपेन्सिल सोलल्यावर येतो ना, तसा. चिरूटाचा डबा उघडल्यासारखा. आणि मागून काळ्या मनुकांचा, पण ताज्या. मग घोट घेऊन तोंडात घोळवायची, गिळायची घाई नाही करायची. जामुन खाल्ल्यावर जीभ कशी आवळते, तशी ती हिरड्यांना धरते, आणि हळूच सोडते. मग मनातल्या मनात मोजायचं, चव किती वेळ राहते ते. चांगली असली तर मोजता मोजता थकाल."

मी म्हटलं, "घ्या मग घोट."

त्यांनी हुंगलं. घोट घेतला. आणि त्यांचा चेहरा असा पडला की माझ्या अनुभवी डोळ्यांना ती थेट कबुलीच वाटली. त्यांनी घोट बादलीत थुंकला, ग्लास पुसला, उपडा ठेवला.

"कशी आहे?"

"जबाबदारी माझी आहे साहेब."

"कशाची जबाबदारी?"

त्या दिवशी त्या तळघरात ते पुढे एक अक्षर बोलले नाहीत. नमुना प्रयोगशाळेत गेला. तिथून दारूचं प्रमाण बरोबर आहे एवढाच अहवाल यायचा होता, चवीबद्दल सरकार काही लिहीत नाही.

दोन दिवसांनी माझा एक खबरी आला. मल्हारगंजात भंगार आणि रिकाम्या बाटल्यांचा धंदा करणारा, पूर्वी माझ्याच हातून एकदा आत जाऊन आलेला. तो खुर्चीच्या काठावर बसला आणि हिंदीत कुजबुजला, "साब, विलायती वाइन की खाली बोतल की बड़ी डिमांड है. लेबल साबुत होना चाहिए. उसमें माल भर के दिल्ली-विल्ली चला देते हैं. और वो आपका मेसवाला है ना, वो बंगले से खाली बोतलें महू ले जाता है. डिरायवर ने खुद देखा."

"कोणाला विकतो?"

"वो नी मालूम, भिया. पर पूजा करने को तो नी ले जा रिया होगा!"

मला एवढं पुरे होतं. झडतीची कागदपत्रं केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महूला गेलो. रविवार होता, गल्लीतली सगळी माणसं घरी. काकांचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. भिंतीला बुद्धाची तसबीर, खाली आजोबांचं पदक फ्रेममध्ये. पंच म्हणून गल्लीतलेच दोघे शेजारी घेतले. पलंगाखाली दोन लाकडी खोकी निघाली. त्यांत गवतात गुंडाळलेल्या रिकाम्या बाटल्या होत्या, लेबलं शाबूत, प्रत्येकीच्या मानेला तिचंच बूच दोऱ्याने बांधलेलं आणि एक चिठ्ठी.

गल्ली दारात जमा झाली होती. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "अरे, दारूवर धाड पडली दिसते." काकांची बायको स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि पंचांपैकी एक, त्यांच्या भिंतीला भिंत असलेला शेजारी, सही करताना काकांकडे बघतही नव्हता. मी काकांना जीपमध्ये बसवलं. कोर्टाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

चौकशीत मी हात उगारला नाही, हे सांगून टाकतो. पण त्यांना खुर्ची दिली नाही. साठीचा माणूस माझ्यासमोर जमिनीवर बसला होता, तरी पाठ सरळ.

"बाटल्या कशाला ठेवल्या?"

"मेसची पद्धत आहे साहेब. रिकामी बाटली बुचासकट ठेवायची, कधी, कोणासाठी उघडली ते लिहून. वर्ष संपलं की अधिकाऱ्यासमोर फोडायची, म्हणजे बाहेर जाऊन तिच्यात कोणी भलतं भरणार नाही. बंगल्यात फोडू म्हटलं तर मालक म्हणाले, काच नको इथे. म्हणून घरी नेल्या. मार्चमध्ये फोडणार होतो."

"छान गोष्ट रचलीत."

"रचली नाही साहेब."

"मग मालकांना ती बाटली उघडू नका का म्हणालात?"

त्यांनी शर्टाची बाही नीट केली.

"घोट घेतल्यावर चेहरा का पडला?"

"माल माझ्या हाताखाली खराब झाला. जबाबदारी माझी. चोरी मी नाही केली. याच्यापुढे मला नका विचारू."

"का नको विचारू?"

"शब्द दिलेला आहे."

कोणाला, ते सांगेनात. रात्रभर मी त्याच त्या प्रश्नांभोवती फिरलो. मला चोर दिसत होता आणि तो शब्दाच्या गोष्टी करत होता. असा राग आला होता! जेवणाचं ताट त्यांनी परत केलं, धुऊन.

दुसऱ्या दिवशी केस डायरी पूर्ण करायची म्हणून मुंबईच्या पाहुण्याचा जबाब हवा होता. निव्वळ कागदासाठी फोन लावला. विचारलं, "वाइन बनावट आहे हे तुम्हाला कशावरून कळलं?"

पलीकडून हसू आलं. "अहो, बनावट कोणी म्हटलं? मी म्हणालो, ही शिजली आहे. कुठेतरी भयंकर उष्णतेत राहिलीय. असली होती म्हणून तर वाईट वाटलं. मनुका शिजवून मुरंबा करावा तशी लागत होती. पण तुमचे मालक पुढचं ऐकायला थांबले कुठे? नोकराच्या नावाने ओरडतच उठले."

फोन ठेवला आणि स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली. फिर्यादी जेव्हा दुसऱ्याचं बोलणं सांगतो तेव्हा ते फिर्यादीचंच बोलणं असतं, हे मी पोरांना शिकवायचो. आणि पहिल्याच दिवशी करायचा फोन मी माणसाला कोठडीत घातल्यावर केला होता.

मालखान्यातून ती खोकी मागवली. टेबलावर वर्तमानपत्र पसरून बाटल्या ओळीने मांडल्या. प्रत्येक बुचावर फ्रेंच मळ्याचं नाव आणि साल डागलेलं, लेबलाशी तंतोतंत जुळणारं. सुईचं भोक कुठेही नाही. मग चिठ्ठ्या वाचल्या. गुढीपाडव्यापर्यंत उघडलेल्या बाटल्यांची बुचं फक्त खालच्या टोकाला लाल होती. राखीनंतरच्या बुचांवर मात्र लाल रेघा पार वरपर्यंत चढलेल्या. लहानपणी आईने पन्ह्याची बाटली गच्चीत विसरली की तिचं झाकण वर उचललं जायचं, बाहेर चिकट ओघळ यायचा. हे तेच होतं. उष्णतेने आतली वाइन बुचाच्या कडेने वर सरकली होती.

म्हणजे पाडवा आणि राखी यांच्या मधे या बाटल्या तापल्या. पण तळघराची वीज एकदाही गेली नव्हती, ते मी तपासलं होतं.

"हेडसाब, या उन्हाळ्यात काय झालं असेल?"

आमचे हेडसाब डोकं खाजवत राहिले. मग म्हणाले, "सर, यंदा धोंड्याचा महिना नव्हता का, ज्येष्ठात? भर नौतप्यात, त्या सगळ्यांत कडक नऊ दिवसांत. आमच्या जावयाला अनारसे द्यायला त्या उन्हात देवासला गेलो होतो."

"त्याचा इथे काय संबंध?"

हेडसाब लाजले. "म्हातारी माणसं असतात ना घरात. अधिक महिना, म्हणजे दारूचा थेंब छपराखाली नको. आता तुमच्यापासून काय लपवायचं, माझी स्वतःची क्वार्टर महिनाभर स्कूटरच्या डिकीत होती."

मी खुर्चीतून उठलोच. मालकांच्या घरी त्यांची म्हातारी आई होती, हे मला माहीत होतं. त्या महिन्यात मालक प्रदर्शनासाठी परदेशात होते, हे त्यांनीच सांगितलं होतं. आता एवढ्या बाटल्या घराबाहेर ठेवायच्या तर कुठे ठेवतील? तासाभरात आम्ही सांवेर रोडच्या कारखान्याच्या फाटकावर होतो. फाटकावरच्या नोंदवहीत ज्येष्ठातली नोंद सापडली: बंगल्यावरून टेम्पो, अठ्ठावीस पेट्या, पूजेचं सामान.

"पूजेचं?" मी चौकीदाराला विचारलं.

"बड़ी बहूजी का फोन था साब. पंप वाले टेस्टिंग रूम में रखवाया, एसी वाले में. मेसवाले दादा रोज आते थे, स्कूटर पे बरफ की सिल्ली और गीले बोरे ले के. बोलते थे, एसी बंद मत होने दो भिया, हाथ जोड़ता हूँ. पर नौतपे में ट्रांसफार्मर जल गया, तीन दिन बत्ती नी आई. टीन की छत है अपनी. दादा तो वहीं बैठे रहे, बोरों पे पानी डालते रहे. तीसरे दिन रो दिए."

मी ठाण्यात न जाता सरळ बंगल्यावर गेलो. मालक होते, सूनबाई, म्हणजे मालकांच्या पत्नी, होत्या, आणि आत झोपाळ्यावर मालकांची आई जपमाळ घेऊन बसलेली होती. आजी ऐंशीच्या पुढच्या. मी सूनबाईंना विचारलं, "उन्हाळ्यात कारखान्यात कोणतं पूजेचं सामान पाठवलं होतंत?"

त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि मालकांकडे पाहिलं.

"कसलं सामान?" मालक म्हणाले. "काय चाललंय?" आणि मग एकदम आवाज खाली आणून, आतल्या दाराकडे बघत, "टीआयसाहेब, हळू बोला. आईला यातलं काही माहीत नाही. खाली कारखान्याची औषधं असतात, असं सांगितलंय तिला."

"सुनेला नका विचारू, मला विचारा," आतून आवाज आला. आजी काठी टेकत दारात उभ्या होत्या. "मी सांगितलं होतं हलवायला."

"आई! तुला माहीत आहे?"

"अरे, तू कॉलेजातून वेलदोडे चघळत यायला लागलास तेव्हापासून माहीत आहे. मी कधी बोलले का? एक महिना देवासमोर अखंड दिवा लावते, तेवढा महिना घराखाली ही दारू नको, इतकंच सुनेला म्हटलं. तुला लाज वाटायला नको म्हणून तुला कळू देऊ नको, असंही मीच म्हटलं." मग माझ्याकडे वळून, "त्यात पोलीस कशाला आले? आणि तो महूचा माणूस कुठे आहे? मला म्हणाले, रजेवर गेलाय."

सूनबाई रडायला लागल्या. मालक जमिनीकडे बघत होते. मीच सांगितलं. "तो माझ्या कोठडीत आहे, आजी. तुमच्या मुलाची फिर्याद आहे, त्याने वाइन चोरली म्हणून."

आजींनी जपमाळ कमरेला खोचली. मग म्हणाल्या, "माझ्या चपला कुठे आहेत?"

मी म्हटलं, जबाब घरीच घेतो, कायद्याने तशी सोय आहे. ऐकतील तर शपथ. आयुष्यात पहिल्यांदा त्या म्हाताऱ्या बाई ठाण्याची पायरी चढल्या, आणि काकांना बाहेर आणलं तेव्हा त्यांना पाहून काका आधी ताठ उभे राहिले.

"बोलला का नाहीस रे?" आजींनी विचारलं.

"बाईंना शब्द दिला होता आईसाहेब. साहेबांना कळू देणार नाही म्हणून. आणि माल तर माझ्याच हातात होता ना. मी नाही म्हणायला पाहिजे होतं, उन्हाळ्यात नाही हलवायची म्हणून. तसं म्हणालो नाही. तर ती चूक माझीच."

"आणि तू जेलात जायला निघालास?"

मला समोरच्या खुर्चीत बसवेना.

त्याच दिवशी कोर्टात अहवाल देऊन त्यांना सोडवलं. पुढे गुन्हा घडलाच नाही म्हणून खारिजी लावली, म्हणजे केस रद्द करायचा कागद पाठवला. मालक म्हणाले, "चला, गैरसमज होता, विषय संपला." सगळ्यांत जास्त चीड मला त्या वाक्याची आली. एवढ्या बाटल्या जमवणाऱ्या या माणसाने राखीपासून डिसेंबरपर्यंत तीच शिजलेली वाइन वाहवा करत प्यायली होती. चव कळत होती ती फक्त काकांना. म्हणूनच ते पाहुण्यासमोर ती बाटली येऊ देत नव्हते. मालकांचीच लाज राखत होते बिचारे.

आता जप्त केलेल्या बाटल्या परत करायच्या होत्या. मला वाटलं, पुन्हा गल्लीत गाजावाजा नको. म्हणून साध्या कपड्यांत, माझ्या स्वतःच्या गाडीने, कामाच्या दिवशी दुपारी महूला गेलो, जेव्हा गल्लीत कोणी नसतं. समजूतदारपणा केला, असं मनात वाटत होतं. काकांनी दार उघडलं. खोकी पाहिली. आत या म्हणाले नाहीत.

"साहेब, न्यायला आलात तेव्हा रविवार होता," ते म्हणाले. "वर्दी होती, जीप होती. दोन पंच होते. मुलगी माझी शाळेत शिकवते, तिला मुलं विचारतात, तुमच्या बाबांना का पकडलं. दूधवाला दारात थांबत नाही. आणि परत द्यायला तुम्ही असे गुपचूप आलात. असं देऊ नका साहेब. नेल्या तशा आणून द्या."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. चांगलंच झालं. मी खोकी उचलली आणि परत गेलो.

रविवारी सकाळी पुन्हा आलो. वर्दीत, जीप घेऊन, हेडसाबांसह. मागच्या वेळचेच दोन पंच बोलावले. गल्ली जमली, जमणारच होती. सुपुर्दनामा, म्हणजे माल परत दिल्याचा कागद, मी दारात उभा राहून मोठ्याने वाचला. काकांनी एकेक बाटली हातात घेऊन पाहिली, बूच पाहिलं, ठेवली. घाई केली नाही. सही करायला तो भिंतीपलीकडचा शेजारी पुढे आला, काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, मला तर तेव्हाच वाटलं होतं, तुम्ही असं करणार नाही म्हणून."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. "मग सही करताना बोलला का नाहीस?"

शेजाऱ्याने खांद्यावरचा हात काढून घेतला. काका माझ्याकडे बघतही नव्हते. पण त्याच्यासमोर तो कागद कोणी धरला होता? मीच ना. मी टोपी काढली आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो, "यांनी काहीही चोरलेलं नव्हतं. चूक माझी झाली. मी नीट न विचारता यांना घेऊन गेलो." इतक्या वर्षांच्या नोकरीत, वर्दी अंगावर असताना, हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो.

काकांची बायको तेव्हा बाहेर आली. तिने खोक्यांकडे पाहिलंही नाही. दारातली खुर्ची पुढे ओढली आणि मला म्हणाली, "बसा. चहा ठेवते."

आता ठाण्यात नव्याने आलेली पोरं कधी भेटली की विचारतात, सर, तपास कसा करायचा? मी सांगतो, संशय घ्या, आपण त्याचाच पगार खातो. पण ज्या दारात उभं राहून तुम्ही एखाद्यावर संशय घेतलात, तो खोटा निघाला तर त्याच दारात, तेवढ्याच लोकांसमोर, तेवढ्याच मोठ्या आवाजात ते सांगून या. झडतीचा फॉर्म छापलेला मिळतो, जप्तीचा मिळतो. याचा कुठे मिळत नाही. ते तोंडानेच बोलावं लागतं.